घरचा संगणक थांबतो कोठें?

आपल्या नव्या मुंबईंत महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यांत आणि दक्षिणेस थेट पनवेलपर्यंत गेल्या कांहीं वर्षांत माहितीचीं प्रचंड कोठारें उभीं राहिलीं आहेत. त्यांना डेटा सेंटर असें नांव आहे. पनवेलनजीक २०२० सालीं जें एक कोठार सुरू झालें, त्याची योजनाच मुळीं ७,२०० रॅकची, म्हणजे यंत्रांनीं भरलेल्या तितक्या कपाटांची होती. लोकांचे हिशेब, पत्रें, छायाचित्रें अशा इमारतींतून रात्रंदिवस ठेवलीं आणि काढलीं जातात. मागणाऱ्यास उत्तर मिळावयास डोळ्याचें पातें लवण्याइतकाही वेळ बहुधा लागत नाहीं.

परंतु त्याच शहरांत, नेरूळच्या किंवा कोपरखैरण्याच्या एखाद्या घरांत, सात-आठ वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक सकाळीं सुरू करावा, चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरील चक्र आपलें फिरतेंच आहे, असा अनुभव पुष्कळांना येतो. मुलाच्या प्रवेशाचा अर्ज भरावयाची अखेरची घटका असली म्हणजे हें चक्र जीव अगदीं नकोसा करून सोडतें. मग कोणी जाणता म्हणतो, "हें यंत्र आतां जुनें झालें, नवेंच घ्या." हा सल्ला कधीं योग्य असतो, परंतु पुष्कळदां तो अनाठायीं असतो. संगणकाची बुद्धि मंदावलेली नसते. त्याचें कोठार त्याला माल वेळेवर देत नसतें, इतकेंच. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वीं आपला संगणक नेमका कोठें थांबतो हें पाहावें, एवढेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे.

संगणकाचीं तीन मुख्य अंगें प्रथम ध्यानांत घ्यावीं. एक काम करणारा कारकून, म्हणजे प्रोसेसर. दुसरें त्याच्या पुढचें मेज, म्हणजे रॅम ही तात्पुरती स्मृति. तिसरें मागच्या खोलींतील कपाट, म्हणजे साठवणीची डिस्क. मेजावर जें असेल तें कारकुनाच्या हाताशीं असतें. पण वीज गेली कीं मेज रिकामें होतें. कपाटांतील वस्तु विजेवांचूनही टिकते. पण ती आणावयास उठून जावें लागतें. हें जाणें किती दूरचें, याची कल्पना एका हिशेबानें येईल. मेजावरील वस्तु उचलण्यास एक सेकंद लागला असें धरलें, तर त्याच प्रमाणांत चांगल्या एसएसडीमधून वस्तु आणावयास सुमारें सतरा मिनिटें लागतील, आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून आणावयास जवळजवळ दीड दिवस! कारकून कितीही हुशार असो, दीड दिवस तो हातावर हात ठेवूनच बसणार.

आतां वेग वेग म्हणून जें आपण म्हणतों, तो एक नसून दोन आहेत, आणि सर्व घोटाळा या दोहोंची गल्लत केल्यानें होतो. वाशीच्या कृषि उत्पन्न बाजारसमितीचें उदाहरण घेऊं. तेथें एकाच गाळ्यांतून कांद्याच्या दोनशें गोणी उचलावयाच्या असतील, तर माथाडी कामगारांची रांग लागते आणि ट्रक बघतां बघतां भरतो. पण दोनशें निरनिराळ्या गाळ्यांतून एकेक गोणी आणावयाची असेल, तर तींच माणसें, तोच ट्रक, तेवढाच माल असूनही दिवस मावळतो. पहिल्या प्रकारांत महत्त्व असतें मालाच्या ओघाला. दुसऱ्यांत महत्त्व असतें प्रत्येक खेपेच्या खोळंब्याला. ट्रकपुढचा रस्ता रुंद केल्यानें हा दुसरा खोळंबा कमी होत नाहीं. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावाशेवा या सहा पदरी अटल सेतूचें उद्घाटन झालें. त्यानें प्रवासाचा वेळ वांचला. पण गाळा शोधण्याचा वेळ कोणत्याही पुलानें वांचत नाहीं.

डिस्कच्या खोक्यावर जो मोठा आंकडा छापलेला असतो, तो बहुधा ओघाचा असतो. आणि घरचा संगणक सुरू होतांना, एखादा कार्यक्रम उघडतांना जो वेळ जातो, तो बहुतांशीं खोळंब्याचा असतो. कारण त्या वेळीं हजारों बारीकसारीक तुकडे निरनिराळ्या जागांहून गोळा करावयाचे असतात.

हा खोळंबा हार्ड डिस्कमध्यें कां होतो, हें तिची रचना पाहिली म्हणजे उमगतें. ग्रामोफोनची तबकडी आपल्या परिचयाची आहे. तबकडी फिरते, आणि आपणांस हवें तें गाणें ऐकावयाचें तर सुई उचलून त्या जागीं नेऊन ठेवावी लागते. हार्ड डिस्कमध्येंही चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या फिरतात, आणि त्यांच्या पृष्ठाला न टेकतां, अतिसूक्ष्म अंतरावर तरंगत, एक वाचक-शीर्ष इकडून तिकडे सरकतें. घरगुती डिस्क साधारणपणें मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे सेकंदास १२० फेरे. एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावें लागतें. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारें ९ मिलिसेकंद धरा. एकूण झाले तेरा. याचा अर्थ, विखुरलेल्या जागांवर ही डिस्क सेकंदास अवघ्या पंचाहत्तर खेपा करूं शकते. प्रत्येक खेपेंत चार किलोबाइटचा तुकडा आणला, तर सेकंदास सुमारें तीनशें किलोबाइट माल येईल. तीच डिस्क सलग माल वाचूं लागली कीं सेकंदास दीडशें मेगाबाइट देते. एकाच यंत्राचे हे दोन वेग पांचशें पटींनीं भिन्न आहेत! लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची असते. तिचा खोळंबा याहूनही अधिक.

या दुखण्याला इतिहास आहे. १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें पहिला डिस्क-संच बाजारांत आणला. त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. त्यांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत, आणि हवी ती नोंद हातीं लागण्यास सरासरी सहाशें मिलिसेकंद लागत. पुढें तबकड्या लहान झाल्या आणि त्यांवर माल किती मावतो याला सीमाच राहिली नाहीं. आजची वीस टेराबाइटची डिस्क त्या पहिल्या यंत्राच्या चाळीस लाख पट माल सांठविते. पण फेऱ्यांचा वेग घरगुती डिस्कमध्यें सहा पटच वाढला, आणि खोळंबा पन्नास पटही घटला नाहीं. कोठार चाळीस लाख पट मोठें झालें, परंतु आंत जाणारा हमाल चालूनच जातो. धातूचें शीर्ष हलवावयाचें आणि तबकडी फिरवावयाची तर त्यांना वेळ लागणारच. तेथें कोणाचा इलाज नाहीं.

इलाज सांपडला तो हलणारा भागच काढून टाकल्यानें. जपानांतील तोशिबा कंपनींत काम करणारे शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं फ्लॅश स्मृतीची, आणि १९८७ सालीं तिच्या नँड या प्रकाराची मांडणी जगापुढें ठेवली. एसएसडी म्हणतात ती याच नँड स्मृतीची बनलेली असते. हिच्यांत तबकडी नाहीं, शीर्ष नाहीं. सिलिकनच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो, आणि तो किती आहे यावरून अक्षर ओळखलें जातें. कोणताही कप्पा वाचावयास जवळजवळ सारखाच, म्हणजे मिलिसेकंदाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतका, वेळ पुरतो. समजा, संगणक सुरू होतांना वीस हजार विखुरलेले तुकडे एकामागून एक वाचावयाचे आहेत. सेकंदास पंचाहत्तर खेपा करणाऱ्या डिस्कला त्यास साडेचार मिनिटें लागतील. एसएसडी तेंच काम दोन सेकंदांत उरकील. चहा पिऊन होण्याचें आणि न होण्याचें रहस्य तें हेंच.

तथापि एसएसडीलाही आपले स्वभावदोष आहेत. तिच्यांतील लिहिलेल्या कप्प्यावर नवें लिहिण्यापूर्वीं जुनें पुसावें लागतें, आणि पुसणें एका कप्प्याचें न होतां कप्प्यांच्या मोठ्या गटाचें एकदम होतें. म्हणून रिकामी जागा भरपूर असली तर ती सुखानें काम करते. गळ्यापर्यंत भरली कीं हें आधीं हलवा, तें मग पुसा, असें करीत रेंगाळते. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवणें हें म्हणून शहाणपणाचें. स्वस्त एसएसडीमध्यें आणखी एक गोष्ट दिसते. मोठी चित्रफीत उतरवून घेतांना प्रथम वेग जोराचा असतो आणि कांहीं गिगाबाइटनंतर तो एकाएकीं कोसळतो. हा बिघाड नव्हे. तिच्यांत जलद लेखनासाठीं लहानसें अंगण राखलेलें असतें. तें भरलें कीं मूळचा सावकाश वेग उघडा पडतो.

आतां मार्गांविषयीं दोन शब्द. एसएसडी संगणकास दोन वाटांनीं जोडतां येते. साटा ही जुनी वाट. तिचा सर्वांत पुढचा प्रकार सेकंदास सुमारें साडेपांचशें मेगाबाइट वाहून नेतो. दुसरी वाट एनव्हीएमई. तिचे नियम २०११ सालीं ठरले, आणि तिच्यावरून साडेतीन हजार, सात हजार मेगाबाइटही जातात. हे आंकडे ऐकून कोणासही वाटेल कीं दुसरी घेतल्यास संगणक दहापट चपळ होईल. तसें होत नाहीं. हार्ड डिस्ककडून साध्या साटा एसएसडीकडे आलांत कीं खोळंब्याचा शंभरांतील नव्याण्णव हिस्सा तेथेंच संपतो. पुढची पायरी चढल्याचा लाभ मोठ्या चित्रफितींचें काम करणारांस होतो, पत्रें लिहिणारांस तो क्वचितच जाणवतो. म्हणून जुन्या संगणकांत साटाचीच सोय असेल, तर त्याबद्दल मुळींच हळहळूं नये. खरेदीपूर्वीं मात्र एक गोष्ट तपासावी. एम.डॉट.टू नांवाच्या चपट्या पट्टीच्या रूपांत साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही एसएसडी मिळतात. रूप सारखें, भाषा निराळी. आपल्या यंत्राची खांच कोणती भाषा जाणते, हें वाशी प्लाझांत किंवा लॅमिंग्टन रोडवर जाण्यापूर्वींच त्याच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें. तसेंच, तारांवरील वेग बहुधा बिटांत लिहितात आणि मालाचा वेग बाइटांत मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होतो, हें विसरलें कीं आपली फसवणूक झाली असें उगाच वाटतें.

इतकें समजल्यावर निदानाकडे वळूं. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर नांवाचा फलक आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या कीं तो उघडतो. त्यांतील परफॉर्मन्सच्या पानावर कारकून, मेज आणि कपाट या तिघांचा राबता आलेखानें दाखविलेला असतो. संगणक अडला असतां डिस्कचा आंकडा शंभर टक्क्यांस चिकटलेला आणि प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, असें दिसलें, तर दोष साठवणीकडे आहे. परंतु त्याच वेळीं मेज, म्हणजे मेमरी, नव्वद टक्क्यांवर भरलेलें असेल, तर घाई करूं नये. मेज लहान पडलें कीं संगणक त्यावरील कागद उचलून कपाटांत ठेवतो आणि पुन्हां काढतो. डिस्क धांवते ती या हेलपाट्यांनीं. चार गिगाबाइटच्या जुन्या यंत्रांत हें नित्य घडतें. तेथें आठ गिगाबाइटपर्यंत रॅम वाढविणें हा खरा उपाय. आणि डिस्क स्वस्थ असून प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर असेल, तर नवी डिस्क घालून कांहीं साधणार नाहीं.

डिस्कचा वेग स्वतंत्रपणें मोजावयाचा असल्यास क्रिस्टल डिस्क मार्क हें विनामूल्य साधन आहे. त्यांत वरच्या ओळींत सलग वाचनाचा भव्य आंकडा येतो. आपण मात्र रँडम चार-के असें लिहिलेली खालची ओळ पाहावी. तीच आपल्या खोळंब्याची खरी साक्षीदार.

येथें एक इशारा कळकळीनें देतों. जी हार्ड डिस्क कालपरवांपर्यंत ठीक होती आणि आज एकाएकीं मंदावली, तिला संथ न समजतां आजारी समजावें. तबकडीवरील एखादी जागा खराब झाली कीं शीर्ष ती पुन्हां पुन्हां वाचण्याचा यत्न करतें, आणि तोंवर सारा संगणक ताटकळतो. आंतून टक-टक असा आवाज येऊं लागला तर घटका भरत आली असें जाणावें. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवीत असते. क्रिस्टल डिस्क इन्फो या साधनानें ती वाचतां येते. त्यांत बदलून घेतलेल्या आणि वाचतां न येणाऱ्या जागांची संख्या वाढूं लागली, तर वेगाचा विचार सोडावा आणि आधीं घरचीं छायाचित्रें, कागदपत्रें दुसरीकडे उतरवून घ्यावीं. वेग विकत मिळतो. आजोबांच्या एकसष्टीचीं छायाचित्रें विकत मिळत नाहींत.

आतां उपाय, आणि तेही क्रमानें. पहिला उपाय फुकटचा. संगणक सुरू होतांच न बोलावतां उठणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरून बंद करावे. दुसरा, जागा मोकळी करावी. तिसरा, हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅगमेंट, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र मांडण्याची क्रिया करावी. त्यामुळें खेपा कमी होतात. एसएसडीला मात्र ही क्रिया हातानें करूं नये. तिला सारे गाळे सारखेच जवळ असल्यानें या मांडामांडीचा लाभ जवळजवळ नाहीं, आणि लिहिण्याची झीज मात्र होते. तिच्यासाठीं ट्रिम नांवाची वेगळी सूचना आहे. कोणते कप्पे आतां निकामी झाले हें तीमुळें एसएसडीला कळतें. अलीकडच्या विंडोज प्रणाली हें काम आपण होऊन करतात. चौथा, साधी तार तपासावी. बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी २.० खांचेत लावली असेल, तर सेकंदास चाळीस मेगाबाइटपलीकडे ती जाणारच नाहीं, तीच ३.० खांचेत लावली कीं कित्येक पट वेग येतो. इतकें करूनही भागलें नाहीं, तर मग एसएसडी. तिच्यावर विंडोज आणि नित्याचे कार्यक्रम ठेवावे. जुनी हार्ड डिस्क निरोगी असल्यास छायाचित्रें आणि गाणीं तिच्यावर राहूं द्यावीं. हींच वांटणी थोरामोठ्यांचीही असते: डेटा सेंटरमध्यें तांतडीचा माल एसएसडीवर आणि भाराभर साठा फिरत्या तबकड्यांवर, अशी व्यवस्था आजही आहे.

एसएसडी बसविल्यावरही निर्धास्त राहूं नये. हार्ड डिस्क मरतांना पुष्कळदां कण्हते. एसएसडी कधीं कधीं एका क्षणांत मुकी होते, आणि तिच्यांतील माल परत मिळविणें कठीण जातें. शिवाय ती वर्षानुवर्षें विजेवांचून कपाटांत पडून राहिली तर कप्प्यांतील भार हळूहळू गळतो. म्हणून ठेव म्हणून ती वापरूं नये. महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा नियम पाळावा. पावसाळ्यांत वीज लपंडाव खेळूं लागते, तेव्हां हा नियम विशेषच आठवावा. कारण संगणक "लिहिलें" म्हणतो तेव्हां कधीं कधीं माल अजून मेजावरच असतो. यूएसबी डिस्क उपटण्यापूर्वीं तिला रीतसर निरोप द्यावयाचा, तो याचसाठीं. आणि ज्यांच्या लॅपटॉपमध्यें अद्याप फिरती तबकडी आहे, त्यांनीं तो चालू ठेवून लोकलच्या गर्दींत नेऊं नये; धक्क्यासरशीं शीर्ष तबकडीवर आदळण्याची भीति असते.

आणखी एक. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. एसएसडीनें यंत्र चपळ होईल, पण त्या अटी पुऱ्या होणार नाहींत. तेव्हां खर्च करण्यापूर्वीं याचाही विचार व्हावा. लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालून असें यंत्र मुलांच्या अभ्यासासाठीं आणखी कांहीं वर्षें चालवितां येतें.

तात्पर्य, श्रोतेहो, 'किती जलद?' असें विचारण्यापूर्वीं 'थांबतो कोठें?' असें विचारावें. उत्तर मेजाकडे गेलें तर मेज वाढवा; कपाटाकडे गेलें तर कपाट बदला; आणि कपाट करकरत असेल तर वेगाचें नांव न काढतां आधीं आंतील चीजवस्तु बाहेर काढा. इतकी चौकशी करण्यास अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासानें पुष्कळ घरांत एका नव्या संगणकाची किंमत वांचेल, आणि एखाद्या घरांत, त्याहूनही अधिक मोलाचें असें कांहीं वांचेल.